मागच्या ओळीतला अंगचोरपणा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या गावच्या समाजमंदिरात पहाटे साडेपाचला बायांचा व्यायामवर्ग असतो, तो मी घेते. त्या दिवशी जागेवर पळणं ऐन रंगात आलं आणि लाइन गेली. स्पीकर चार्ज केलेला होता, त्यामुळं गाणं वाजतच राहिलं. पण फरशीवरचा पायांचा धपधप आवाज बघता बघता अर्ध्यावर आला. "थांबू नका, चालू राहू द्या," मी अंधारातच ओरडले. आवाज काही वाढला नाही. दीड-दोन मिनिटांनी ट्यूब लुकलुकून पेटली, तर सगळ्याजणी गुडघे पार पोटापर्यंत उचलून पळत होत्या! हसूच फुटलं. आणि खरं सांगायचं तर अंधारात मीही पाय थांबवून नुसत्या टाळ्या वाजवत होते.

याला आपल्याकडं जुना शब्द आहे, अंग चोरणं. मानसशास्त्रात त्याला 'सोशल लोफिंग' हे नाव मिळायला 1979 साल उजाडावं लागलं. पण या विषयाची सुरुवात झाली ती उलट्या बाजूनं.

नॉर्मन ट्रिप्लेट नावाचा अमेरिकन संशोधक सायकलच्या शर्यतींचे आकडे बघत होता. एकटा घड्याळाशी झुंजणारा सायकलस्वार आणि दुसऱ्यासोबत पळवणारा यांत दुसऱ्याचा वेग जास्त दिसायचा. मग त्यानं मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला दिली, कधी एकट्यानं, कधी शेजारी दुसरं मूल ठेवून. हे 1898 साली छापून आलं, आणि 'सोबत असली की जोर येतो' या समजुतीला तेव्हापासून शास्त्राचा आधार मिळाला. मात्र त्या प्रयोगातल्या 40 मुलांपैकी सोबत मिळाल्यावर 20 जण जोरात गेले, 10 जणांना काहीच फरक पडला नाही आणि 10 जण चक्क मंदावले. त्या 20 जणांबद्दल सगळे बोलतात. वर्ग घेणारीला मात्र उरलेल्या वीसांचंच बघावं लागतं.

दुसरा माणूस आपल्याच बिरादरीतला. मॅक्स रिंगेलमन हा फ्रान्समधला शेती-अभियंता. घोडा, बैल, माणूस आणि यंत्र यांच्यात ओढायची ताकद कुणाची किती, हे मोजणं त्याचं काम. 1880 च्या दशकात त्यानं माणसांना दोरखंड ओढायला लावला आणि किती जोर लागतो ते मोजलं. निष्कर्ष 1913 साली छापले. एकट्या माणसाची ताकद शंभर धरली, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 49 च येत होती. म्हणजे आठ माणसं लावली आणि काम झालं चारांचं. ज्यानं बैलजोडी हाकली आहे त्याला यात नवल वाटायचं नाही. जोडीतला एक बैल खांदा कधी चोरतो ते धन्याला जू बघून कळतं.

पण इथं एक फट आहे. आठ जण एकाच दोराला लागले की सगळ्यांचा झटका एकाच क्षणी बसत नाही, कुणी आधी ओढतो, कुणी नंतर. मग ताकद वाया गेली ती ताल चुकल्यामुळं की मन लावलं नाही म्हणून? हे वेगळं काढायला जवळजवळ साठ वर्षं गेली. 1974 साली इंगहम आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोराच्या सगळ्यात पुढं उभं केलं आणि मागं आणखी लोक ओढताहेत असं सांगितलं. मागं प्रत्यक्षात कुणीच ओढत नव्हतं, म्हणजे ताल चुकायचा प्रश्नच नाही. तरी त्या माणसाचा जोर कमी झाला. 1979 साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी दोरखंड बाजूला ठेवून लोकांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं. तिथंही तेच. सोबत पाच जण आहेत असं नुसतं वाटलं, तरी माणूस एकट्यानं ओरडतो त्याच्या तीन चतुर्थांशच ओरडला.

आमच्या अंधारातही हेच झालं. गाणं तेच, बाया त्याच, ताल तोच. गेली होती ती फक्त ट्यूब.

आता वावरात या. कापूस वेचणीला मजुरी किलोवर असते. संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचं गाठोडं वेगळं मोजलं जातं, त्यामुळं तिथं कुणी अंग चोरलं तर ते तिच्याच मजुरीतून जातं. निंदण रोजानं असतं, म्हणजे मजुरी सगळ्यांना सारखी. पण प्रत्येकीनं एकेक ओळ धरलेली असते आणि मागं राहिलेली बाई शंभर फुटांवरून दिसते. सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, मात्र टोळी एकरी ठेक्यानं घेते आणि पैसे वाटून घेते. दोरखंडाच्या हिशेबानं इथं सगळ्यात जास्त अंगचोरपणा व्हायला हवा, पण होत नाही. कारण टोळी आपली माणसं आपणच निवडते आणि हात चालत नाही तिला पुढच्या वावरात बोलावणं येत नाही. 1993 साली कराऊ आणि विल्यम्स यांनी असे 78 अभ्यास एकत्र तपासले, त्यातूनही हेच पुढं आलं. आपलं काम वेगळं ओळखू येत असेल आणि गट आपला वाटत असेल, तर अंगचोरपणा घटतो. (बाया पुरुषांपेक्षा कमी अंग चोरतात, असंही त्यात निघालं. हे मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगितलं.)

कुणी म्हणेल, व्यायामवर्ग म्हणजे काही दोरखंड नाही. प्रत्येकीची बैठक तिची तिची, घाम तिचा तिचा. चोरून चोरून कुणाचं चोरणार? बरोबर आहे. वर्गात आपण शेजारी शेजारी असतो, एका दोराला नसतो. पण वर्ग घेणारे लोक नकळत दोर हातात देतात. मी स्वतः दिला. एका महिला दिनाला मी जाहीर केलं, 'आज आपण सगळ्या मिळून एक हजार बैठका मारू.' टाळ्या पडल्या. मी मोठ्यानं मोजत गेले, हजार झाले, फोटो निघाला. कुणी किती मारल्या हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका वहिनीनं हळूच सांगितलं, "मी तं वीसच केल्या मॅडम, बाकी नुसती मान हलवली." सगळ्यांची मिळून एक रास केली की तिच्यात आपलं गाठोडं केवढं हे दिसत नाही.

मग मी मोजणं त्यांच्याच हातात दिलं. पहिली बाई 'एक' म्हणते, शेजारची 'दोन', तिच्या पलीकडची 'तीन', असं ओळीतून फिरत जातं. आपला आकडा म्हणायच्या वेळी खाली बसलेलं असावंच लागतं, उभ्यानं आकडा म्हटला की सगळ्या वळून बघतात. एवढ्यानं फरक पडला. कुणाला रागवावं लागलं नाही की कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही.

आता ज्या गोष्टीवर माझा खरा जीव आहे ती. दोरखंडाच्या कामात प्रत्येकाचा जोर बेरजेत जातो. पण काही कामं अशी असतात की ती सगळ्यात हळू माणसाच्या वेगानंच चालतात. 2016 साली पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तीत विदर्भातला एकच तालुका होता, आमच्या अमरावती जिल्ह्यातला वरूड. उन्हाळ्यात लोक श्रमदानाला उतरले. ज्यांनी असं श्रमदान केलं आहे त्यांना घमेल्यांची साखळी आठवत असेल. माती भरलेलं घमेलं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात. इथं एकीनं हात सोडला की पूर्ण साखळी अडते. अशा साखळीत उभी राहिलेली एक काकू मला म्हणाली, "थकली तरी हात थांबवता येत नाई न माय, मागची घमेलं घेऊन उभीच रायते."

ओटो कोहलर या जर्मन संशोधकाला 1920 च्या दशकात नेमकं हे सापडलं. त्यानं बर्लिनमधल्या होडी वल्हवणाऱ्या क्लबातल्या तरुणांना वजनाची दांडी हातानं उचलत राहायला सांगितलं, आधी एकेकट्यानं, मग जोडीनं दुप्पट वजनाची. जोडीतल्या एकानं हात टेकले की जोडीचं काम संपलं. म्हणजे जोडीची मजल कच्च्या गड्यावर ठरणार. झालं असं की कच्चा गडी एकट्यानं टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकू लागला. यामागं दोन गोष्टी आहेत. एक, शेजारचा आपल्याहून पुढं आहे हे दिसतं आणि त्याला गाठावंसं वाटतं. दोन, आपल्यामुळं दुसऱ्याचं अडू नये ही लाज. लाज म्हणा, जबाबदारी म्हणा.

पण यात एक बारीक मेख आहे. जोडीतला फरक मध्यम असेल तेव्हाच हा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो. दोघं सारखेच असतील तर गाठायला काही नाही, आणि फारच अंतर असेल तर 'हे आपलं काम नव्हे' म्हणून माणूस आधीच सोडून देतो. मिशिगन स्टेट विद्यापीठात डेबोरा फेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 2011 साली हे प्लँकच्या, म्हणजे शरीर फळीसारखं सरळ धरून ठेवायच्या, व्यायामावर करून बघितलं. सोबती पडद्यावरचा होता, जरासा वरचढ. तरी माणसं एकट्यापेक्षा सरासरी 24 टक्के जास्त वेळ टिकली. पडद्यावरच्या सोबत्याची एवढी लाज वाटते, तर शेजारच्या घरातल्या जावेची किती वाटेल!

पहाटे आमच्या डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे 1600 मीटर पळतात. त्यांच्यात एक पोरगा सगळ्यात जोरात, त्याच्यामागं सगळी झुंड. पहिल्या तीनशे मीटरांत झुंड फाटते आणि मागचे चालायला लागतात. त्यांना हा जोडीचा हिशेब सांगितला, तर तो पुढचा पोरगा म्हणाला, "मग मी हळू पळू काय?" नाही. तू तुझ्याहून जोरात पळणारा शोध, आणि मागच्यांनी तुला सोडून आपल्याहून चार पावलं पुढचा धरावा. दोन पोट्ट्यांनी धरला. बाकीचे अजून त्याच्याच मागं फाटतात.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं, सूत्र सापडलं. कुणाला लपू द्यायचं नाही, सगळ्यांना दिसतं ठेवायचं. म्हणून मी समाजमंदिरात ओळी मोडून गोल केला. गोलात मागची ओळ नसते. आठवडाभरात नव्यानं आलेल्या तिघी बंद झाल्या. त्यातली एक दळणाच्या गिरणीवर भेटली, म्हणाली, "मले येत नाई न काहीच, सगळ्या माह्याकडंच पाहतात."

माझा हिशेब चुकला होता, आणि तो कुठं चुकला हे 1965 सालीच रॉबर्ट झायोन्क यांनी लिहून ठेवलेलं आहे. लोक बघत असले की अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं, पण नवं, न जमणारं काम आणखी बिघडतं. कारण लोकांसमोर शरीर जास्त सावध होतं, आणि सावध शरीर जे पक्कं बसलेलं आहे तेच बाहेर काढतं. जुन्या बाईचं पक्कं म्हणजे बरोबर बैठक. नव्या बाईचं पक्कं म्हणजे चुकीची बैठक, आणि वर तिची लाज. ट्रिप्लेटच्या त्या मंदावलेल्या दहा मुलांमागं असंच काही असावं, असं मला वाटतं. म्हणजे मागच्या ओळीत दोन प्रकारच्या बाया उभ्या असतात. एक अंग चोरणारी, दुसरी शिकणारी. लांबून दोघी सारख्याच दिसतात. आता नव्या बाईला पहिले दोन-तीन आठवडे मी भिंतीकडंच राहू देते, आणि तिच्या शेजारी तिच्याहून थोडीच पुढं असलेली बाई ठेवते. ओळ ठेवली, पण कुणाला कायमची दिली नाही.

जोर किती लावायचा, हा वेगळाच प्रश्न. वर्ग घेणाऱ्याला वाटतं, घाम जास्त तेवढा फायदा जास्त. गुन्नर बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं दमणूक मोजायला 6 ते 20 अशी पट्टी बनवली होती. 6 म्हणजे काहीच नाही, 20 म्हणजे आता जीव जातो. सहाच का, तर आकड्याला दहानं गुणलं की तरुण माणसाच्या नाडीचा ठोकळ अंदाज यावा म्हणून. आमच्याकडं ही पट्टी चालली नाही. सगळ्याजणी 'दहा' म्हणायच्या, शाळेतल्या मार्कांसारखं. मग मी भजनावर आले. खंजिरी आणि तुकडोजी महाराजांची भजनं इथं घराघरात आहेत. चालता चालता भजन सहज म्हणता आलं तर जोर कमी. बोलता येतं पण भजनाची ओळ तुटते, तर मध्यम, हेच हवं. चार शब्दही बोलता येत नाहीत, तर जास्त झालं. डॉक्टर लोकही बोलण्याची अशीच चाचणी वापरतात. मे महिन्यात तर हाच मोजमाप बरा, कारण पारा 45 कडं निघाला की नाडी उन्हामुळंच वर असते.

त्या तिसऱ्या टप्प्याबद्दल संशोधकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. श्वास लागून बोलणं तुटतं त्या रेषेच्या वर गेलं की बहुतेक माणसांना व्यायाम नकोसा वाटायला लागतो, आणि तो नकोसेपणा उद्या सकाळी गजर बंद करताना आठवतो. म्हणजे आजचा जोर आणि उद्याचं येणं यांचं नेहमीच जमतं असं नाही. मला दोन्हींतून एक निवडायचं झालं तर मी येणं निवडते. शेवटची पाच मिनिटं मुद्दाम हलकी ठेवते, कारण बाई घरी जाताना जे घेऊन जाते ते बहुतेक त्या पाच मिनिटांतलं असतं.

मुळात एक प्रश्न पहिल्याच दिवशी आला होता. "आमी दिवसभर वावरात वाकूनच रायतो न मॅडम, अजून कायचा व्यायाम?" हा प्रश्न शहरातल्या लोकांना हसण्यासारखा वाटतो, पण त्यात दम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगितले, आणि त्यात कामातले श्रमही धरले आहेत. निंदणाच्या महिन्यात आमच्या बाया हा आकडा दोन दिवसांत ओलांडतात. म्हणून मी त्यांना 'तुम्हाला हालचाल कमी पडते' असं सांगतच नाही. ज्या बाजूला शरीर दिवसभर वाकतं त्याच्या उलट बाजूला ते वर्गात नेते. पाठ, खांदे, मांड्या. पावसाळ्यात वर्ग तीसच मिनिटांचा असतो.

मग त्या येतात कशाला? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी सांगितलेल्या तीन गोष्टींत याचं उत्तर मला मिळतं. माणसाला आपल्या मर्जीनं करायला आवडतं, जमायला लागलं की आवडतं, आणि आपल्या माणसांत असलं की आवडतं. चौथी गोष्ट बक्षीस, तिचं जरा जपून. 1971 साली डेसींनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली आणि काहींना मधल्या एका फेरीत पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर तीच मुलं मोकळ्या वेळात कोड्यांकडं पूर्वीपेक्षा कमी वळली. आमच्याकडं एका दात्यानं महिनाभराच्या हजेरीला स्टीलचा डबा ठेवला होता. तो महिना हाऊसफुल्ल. पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "या बारीनं काय आहे?" काहीच नाही म्हटल्यावर ती गेली ती गेलीच. त्याआधी ती वर्षभर फुकट येत होती.

मर्जीचं मी साधं ठेवलं आहे. प्रत्येक व्यायामाचे दोन प्रकार, एक खुर्ची धरून, एक न धरता. कोणता करायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं, मी विचारत नाही. गंमत म्हणजे खुर्च्या हळूहळू आपोआप रिकाम्या होतात.

आणि आपल्या माणसांचं म्हणाल, तर आमच्या मुलखाला हे कुणी शिकवायला नको. मोझरीच्या गुरुकुंजातली सामुदायिक प्रार्थना असो, की अमरावतीचं 1914 सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्याचा संघ 1936 मध्ये थेट बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आला. एका तालात अनेक शरीरं हलवणं इथं जुनं आहे. शाळेतली लेझीम आठवा. हात भरून येतात, पण चाल बदलेपर्यंत कुणी लेझीम खाली ठेवत नाही. 2010 साली ऑक्सफर्डमधल्या होडी वल्हवणाऱ्यांवर एक छोटा प्रयोग झाला. तेवढेच श्रम एकट्यानं केले आणि एका तालात मिळून केले, तर मिळून केल्यानंतर वेदना सोसायची ताकद जास्त निघाली. दंडाला बीपीचा पट्टा आवळून ती मोजली होती. मेंदूतली एंडॉर्फिन ही द्रव्यं त्यामागं असावीत, असा त्या संशोधकांचा अंदाज. प्रयोग बारा जणांचाच, त्यावर इमला बांधू नये. पण हे कळल्यापासून मी वर्गातला शेवटचा व्यायाम लेझीमच्या चालीवर घेते, आणि त्या पाच मिनिटांत कुणी घड्याळ बघत नाही.

सध्या सवंगणी जोरात आहे. तीस जणींतल्या सातच जणी येतात, त्याही सव्वापाचला, कारण साडेसहाला टोळीची गाडी निघते. परवा पुन्हा लाइन गेली. सात जणींच्या पायांचा आवाज बघता बघता कमी होईल म्हणून मी कान देऊन उभी राहिले. कमी झाला नाही. अंधारात मोजणं फिरत राहिलं, अकरा, बारा, तेरा. चौदावा आकडा माझ्यावर आला आणि मी उभीच होते.